सहावं पातं

तिनं त्याला सोडलं. मी नाही.
मला सोडता येणार नव्हतं,
बोट आम्हा दोघांच्या नावावर:
साडेपाच मीटर फायबर, चाळीस घोड्यांची मोटर
आणि बँकेचे राहिलेले अकरा हप्ते.

बहिणीचा पूर्वीचा नवरा आपला कोण लागतो?
कुणीच नाही.
धक्क्यावर लोक म्हणतात, ओडवार आणि त्याचा तो.
तो म्हणजे मी.

एप्रिलमध्ये बोट ओंडक्यांवर चढवतो.
शेडच्या सावलीत मागचा बर्फ अजून दडी मारून.
तो पाठीवर झोपून बूड खरवडतो,
तोंडावर शिंपल्यांचा चुरा.
मी प्लग काढून तारेच्या ब्रशानं घासतो.
जस्ताचा ठोकळा निम्मा झिजलाय,
बरंच झालं,
समुद्रानं आधी त्याला खावं म्हणून तर तो लावायचा.
मग तांबडा रंग, दोन हात.
हातमोजे घाल, मी म्हणतो. दर वर्षी म्हणतो.

मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत नाव आहे,
गुनव्होर.
ताईचं.
पॉलिशचं फडकं तिथवर आलं की
दोघांपैकी एकाला कॉफी आठवते.
एकदा मी विचारलं, बदलायचं का?
"नोंदणीचा फॉर्म भरावा लागेल," तो म्हणाला.
फॉर्म एका पानाचा असतो.

जुलैत इथे रात्र होत नाही.
साडेअकराला निघतो, सूर्य फ्योर्डच्या तोंडाशी
घरी जायला कंटाळलेल्या पाहुण्यासारखा.
बेटामागे चाळीस मीटर खोल एक कातळ आहे,
यंत्राच्या पडद्यावर तो पिवळा उमटतो.
ओडवार पडद्याकडे बघत नाही.
चर्चचं टोक आणि दीपस्तंभ एका रेषेत आले की
हात वर करतो, मी मोटर बंद करतो.
गळ तळाला टेकू द्यायचा,
दोन हात दोरी गुंडाळायची,
मग उचल, सोड, उचल, सोड.
बोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही.

त्या रात्री तीन कॉड आणि एक कुरूप बोंबल्या तोंडाचा मासा,
ज्याला परत सोडला.
ओडवार धक्क्यावरच सोलतो,
चिमट्यानं एकेक काटा उपसतो, बोट फिरवून खात्री करतो.
तीन वाट्या. तिसरा कागदात बांधून
मी ताईच्या दाराच्या मुठीला अडकवतो.
कुणी पकडला, ती विचारत नाही.
काटे न काढता मी कसा सोलतो,
ते तिला लहानपणापासून माहीत आहे.

परवा मात्र तिचा फोन आला. बोट पाण्यात असताना.
"तुमच्या मोटरीची धार दिसत नाहीये."
मागे वळून पाहिलं,
थंडाव्याचं पाणी जिथून पिचकारीसारखं उडतं
तिथून नुसते थेंब.
एवढ्या लांबून?
"दुर्बीण आहे माझ्याकडे," ती म्हणाली,
आणि जरा थांबून,
"त्याला सांग, पंप उघडून बघ."
सांगायची गरज नव्हती.
फोन मोठ्या आवाजावर होता.
ओडवारनं कान खाजवला, खिडक्यांकडे पाहिलं नाही,
आणि सगळ्यात हळू वेगात बोट घरी आणली.

आता शेडमध्ये पाय मोकळा करून ठेवलाय.
पंपातलं रबराचं चक्र हातात,
सहा पात्यांपैकी पाच.
नवं आणलंय, दोनशे नव्वद क्रोनर,
पण तो बसवायला तयार नाही.
तुटलेलं आधी सापडलं पाहिजे, म्हणतो,
ते हरवत नाही, वाटेत कुठंतरी अडकून बसतं
आणि मग भर समुद्रात पाणी अडवतं.
तारेचा आकडा नळीत घालून
तो तासभर चाचपतोय,
कपाळावर ग्रीस.

पलीकडे दार वाजलं.
वाळूवर पावलं, ओळखीची, सावकाश.
ओडवारनं मान वर केली नाही.
"टॉर्च नीट धर," तो म्हणाला,
"हलतोय तुझा हात."